भोयरांची हलकी सायकल

आमच्या सोसायटीत माणसं एकमेकांना "काय, कसं काय?" असं विचारतात ते उत्तर ऐकायला नव्हे. विचारायचं आणि जिना चढायचा, ही रीत. भोयर नवीन राहायला आले तेव्हा त्यांना ही रीत ठाऊक नव्हती. मी विचारलं, आणि मीच दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन जिन्यात अडकले. प्रवास, सामान, नळाचं पाणी, सगळं सविस्तर झालं. मग त्यांनी माझ्या हातातली एक पिशवी काढून घेतली, जराशी वर-खाली केली आणि म्हणाले, "साडेतीन किलो. भोपळा घेतला का जी?"

भोपळा घेतला होता. मी तेव्हाच ठरवलं की या गृहस्थांपासून चार हात लांब राहायचं. ते काही जमलं नाही.

नामदेवराव भोयर मूळचे हिंगणघाटचे. चिंचवडकडच्या एका स्कूटरच्या कारखान्यात ते फिटर होते. कोथरूडला आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ते आणि भोयरवहिनी, आणि त्यांच्या बरोबर डोक्यावर दुसऱ्या मजल्यावर मी. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी शाळेत मराठी शिकवत असे, त्यामुळे त्यांचं "येऊन राहिलो" आणि "काहून जी" सुरुवातीला कानाला टोचायचं. नंतर नंतर त्याशिवाय करमेना. शुद्ध बोलणारे आमच्याकडे काय, पैशाला पासरी आहेत, पण बोलावंसं वाटावं असे किती?

दिसेल ती वस्तू उचलून तिचं वजन सांगायचं ही त्यांची खोड. नारळ, कुलूप, शेजाऱ्याची ऑफिसची बॅग, माझे तपासायचे पेपर. पेपर हातावर तोलून म्हणाले होते, "मॅडम, यंदा पोट्ट्यायनं पुरवण्या कमी घेतल्या." खरंच कमी घेतल्या होत्या. चपलेची पितळी बक्कल त्यांनी काढून टाकली होती. पट्ट्याचं पुढं लोंबणारं टोक कापलं होतं. किल्लीला कधी जुडगा नाही, की छल्ला नाही. कोणी त्यावरून छेडलं तर ठरलेलं उत्तर यायचं, "वजन म्हणजे पाप हाय जी. जेवढं संगं घेतलं, तेवढं वर पोचेपर्यंत ओढाव लागते."

वहिनी कणीक मळता मळता म्हणायच्या, "यायचं काय घेऊन बसल्या. लग्नात माहं मंगळसूत्रबी हातावर धरून पाह्यलं होतं यायनं."

"मग? सोनाराचा भरोसा हाय का?" भोयर आतून ओरडायचे.

त्या वर्षांत स्कूटर कोणाला नकोशी झाली होती. ज्याला त्याला मोटारसायकल हवी होती, आणि ज्याच्या त्याच्या मुलाला कॉम्प्युटर. कारखान्यानं जुन्या कामगारांना काही रक्कम देऊन घरी बसवायची योजना काढली. वर्तमानपत्रांनी तिला इंग्रजीत फार गोड नाव ठेवलं होतं. भोयर म्हणाले, "कंपनीनं वजन कमी केलं." म्हणाले आणि हसलेसुद्धा. पण सकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर यायची वेळ झाली की इस्त्रीचा शर्ट घालून ते गॅलरीत येऊन उभे राहत. बस थांबायची, दोघं-तिघं चढायचे, बस निघून जायची. मग ते आत जाऊन शर्ट बदलत. हे कितीतरी महिने चाललं. वहिनी रोज शर्टाला इस्त्री करत राहिल्या आणि एकदाही कशाला म्हणून विचारलं नाही.

तिसऱ्या मजल्यावर पेंडसे राहत. सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावरचा माणूस, हुशार, शिस्तीचा. वाईट म्हणणार नाही मी, पण जगात आपल्याला कळत नाही अशी एखादी गोष्ट असेल ही शक्यता त्यांनी कधी विचारात घेतलेली नव्हती. त्यांची केतकी तेव्हा नववीत. काटकुळी, उंच होत चाललेली, कायम गुडघ्याला काहीतरी खरचटलेलं. सायकलचं तिला वेड होतं. आपली साधी बास्केटवाली सायकल घेऊन ती पहाटे चांदणी चौकाचा चढ चढायची आणि शर्यतीच्या सायकली घेऊन आलेल्या कॉलेजच्या मुलांना मागं टाकायची. ती मुलं मग चेन पडली म्हणून सांगायची.

एकदा ती पार्किंगच्या पायरीवरून सायकल वर चढवत होती. भोयर गॅलरीतून बघत होते. ते खाली गेले, सायकल एका हातानं उचलली आणि परत ठेवली.

"एकोणीस किलो," ते म्हणाले. "पोट्टे, हे सायकल नाही, म्हैस हाय. तू म्हशीवर बसून शर्यत लावते काय?"

"काका, माझ्याकडे हीच आहे. बाबा म्हणतात, दुसरी मिळणार नाही."

बाबा काय म्हणतात ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं, कारण पेंडसे घरात बोललेलं खाली ऐकू यायचं. दहावीच्या आधी उन्हाळ्यात जिल्ह्याच्या संघाची निवड चाचणी होती. निवड झाली तर सायकल चालू. नाही झाली तर सायकल कायमची बंद, आणि मुकाट्यानं क्लास. आणि या 'फॅड'साठी फ्लॅटचे हप्ते भरणाऱ्या बापाकडून एक पैसा मिळणार नाही. केतकीनं अट मान्य केली होती. चौदा वर्षांच्या मुलीला पर्याय तरी काय असतो?

"दहा किलोच्या आत आणू," भोयर म्हणाले. "नवीन काही घ्यायचं नाही. तू पायात जोर आण, बाकी मी पाह्यतो."

दुसऱ्या दिवशीपासून बसच्या वेळेला ते गॅलरीत दिसेनासे झाले.

सांगाडा त्यांना जुन्या बाजारात मिळाला. गंजके नळ, मोडके पंखे आणि लष्कराचे फाटके बूट यांच्या ढिगाखाली कुठल्या तरी परदेशी शर्यतीच्या सायकलची फ्रेम पडली होती, पुढून वाकलेली. मी आणि वहिनी तिकडं पितळी डबे बघायला गेलो होतो, म्हणून मला हे दिसलं. भोयर उकिडवे बसून फ्रेमच्या नळ्यांवर नखानं टिचक्या मारत होते आणि कान लावून ऐकत होते. शेजारी केतकी तसंच करत होती. भंगारवाला मजेत बघत होता.

"ऐक, पातळ नळी वाजते," ते तिला सांगत होते. "जाड असली तर नुसती 'ठप' करन. ही बोलून राहिली पाह्य."

"काका, पण ही वाकडी आहे."

"वाकडी हाय म्हणून तर आपल्याले परवडते."

ती वाकडी नळी कापून दुसरी बसवायची, तर पितळेची झाळ देणारा हात तितकाच नाजूक हवा. कसबा पेठेत हमीदभाई म्हणून कारागीर होते, तीन पिढ्यांचं दुकान. बोलणं असं की आमच्या सदाशिव पेठेतल्या आत्यानं शिकवणी लावावी. भोयर तिथं त्यांच्या खांद्यावर ओणवे उभे राहून सारखे म्हणत, "कमी, भाई, कमी. पितळ लय घालून राहिले तुम्ही."

हमीदभाईंनी शेवटी ज्योत बंद केली, चष्मा काढला आणि म्हणाले, "भोयरसाहेब, आपण इथं उभे राहिल्यानं दुकानाचंच वजन वाढतंय. आपण असं करा, समोर चहा घेऊन या. सावकाश घ्या." केतकी हे सांगताना हसून हसून जिन्यात बसली होती. भोयर मात्र गंभीरपणे म्हणाले, "माणूस वाकडा हाय, पण झाळ बारीक देते." आमच्या गावात याहून मोठी स्तुती होत नाही.

मग भोकं पाडायचं पर्व सुरू झालं. ज्या भागावर जोर येत नाही तिथला धातू हा भोयरांच्या लेखी फुकटचा पाहुणा. पायडलच्या दातेरी चकतीला भोकं, ब्रेकच्या दांड्यांना भोकं, सीटखालच्या ॲल्युमिनियमच्या दांड्यालाही भोकं. पण दांड्याचा जो भाग फ्रेमच्या पोटात जातो तिथंच, वर नाही. त्यांचं हातगिरमिट दुपारभर गॅलरीत कुरकुरायचं. भोक पाडून झालं की त्याची कड ते कानशीनं, मग पॉलिशच्या कागदानं इतकी गुळगुळीत करत की बोट फिरवलं तर कळू नये. हे काम केतकीला फार कंटाळवाणं वाटे.

"काका, आतून कोण बघणार आहे?"

"धातू पाह्यते," ते म्हणायचे. "जिथं खरखरीत राह्यलं, तिथंच तो फाटते."

दर रविवारी दोघं सायकल घेऊन कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे जात. त्याच्या काट्याच्या आकड्याला सायकल लटकवायची आणि काटा स्थिर होईपर्यंत तिघांनी श्वास रोखून उभं राहायचं. रद्दीवाला दर वेळी विचारायचा, "काका, देऊन टाकता का? लोखंडाला भाव चांगलाय." मागच्या रविवारपेक्षा काटा खाली आला असेल तर केतकी रस्त्यातच नाचायची, आणि घरी वहिनींनी गोळाभात केलेला असायचा. काटा तिथंच राहिला तर गोळाभात नाही, साधं वरण. वहिनी दोन्हीची तयारी ठेवत. या खेळात किती गंमत होती काय सांगू! त्या घरातून हसणं माझ्या घरात येऊ लागलं होतं. मला एकटीला जेवताना ते ऐकू यायचं आणि बरं वाटायचं. भोयरवहिनी एकदा माझ्याजवळ बोलून गेल्या, "बाई, घरात पोर असलं का असं असते का हो?" मी कुकरच्या शिट्टीचं काहीतरी निमित्त केलं आणि उठले.

चाचणीच्या आदल्या आठवड्यात काटा दहाच्या किंचित वर अडकला. भोयर म्हणाले, "बस. आता हात नाही लावायचा. एवढं वजन सायकलले पायजे." केतकीनं मान हलवली.

चाचणी भूगावच्या पुढच्या रस्त्यावर होती. पेंडसे नव्या गाडीतून आले. भोयर, वहिनी आणि मी रिक्षानं. शेवटच्या चढाच्या माथ्यावर आम्ही उभे होतो. वळणावरून मुली वर येताना दिसल्या आणि सगळ्यांच्या पुढं केतकी! सीटवरून उठून, उभी राहून पायडल मारत होती. भोयरांनी माझं मनगट धरलं. ती आमच्या समोरून माथा ओलांडून गेली, उतार लागला आणि ती सीटवर बसली.

काडकन आवाज आला. दांडा सीटच्या खालून तुटला. सायकल एकीकडे, पोर एकीकडे. मागच्या मुली तिला चुकवून पुढं निघून गेल्या.

हासळीचं हाड मोडलं, कोपरापासून खांद्यापर्यंत सोलवटलं. डोक्याला लागलं नाही, ही देवाची कृपा. दवाखान्यातून संध्याकाळी परत आलो तेव्हा भोयर पार्किंगमध्ये तुटका दांडा हातात घेऊन उभे होते. पेंडसे गाडीतून उतरले. केतकीला तिच्या आईनं वर नेलं होतं.

"काय आहे हे?" पेंडशांनी तो दांडा हिसकावून घेतला. "चाळण केलीत तुम्ही याची! माझी मुलगी बसणार होती यावर!"

"चूक माही हाय, साहेब," भोयर म्हणाले.

"तुमची नाही तर कोणाची? अहो, तिची मान मोडली असती. काही उद्योग नाही म्हणून दुसऱ्याच्या पोरीवर प्रयोग करता?" गॅलऱ्यांतून माणसं वाकून बघत होती. पेंडशांना ते दिसत होतं आणि त्यांचा आवाज चढत होता. "हौसच होती ना, भोयर, तर ती स्वतःच्या मुलांवर करायची असते. दुसऱ्यांच्या नाही."

वहिनी माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या आत गेल्या. मला पेंडशांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. इतकी वर्षं झाली, अजून वाटते.

भोयरांनी हात जोडले. "बरोबर हाय साहेब. मले काहीबी बोला. फक्त पोरीची सायकल बंद नका करू. ती पुढं होती. तुम्ही पाह्यलं, ती पुढं होती."

पेंडसे जिना चढून गेले.

दोन दिवसांनी दुपारी मी वहिनींकडे गेले होते. त्या जेवत नव्हत्या, म्हणून भाकरी घेऊन. आम्ही स्वयंपाकघरात होतो आणि दार वाजलं. पेंडसे ऑफिसला गेलेले बघून केतकी आली होती, हात गळ्यात बांधलेला, चेहरा सुजलेला. बाहेरच्या खोलीत भोयर होते. ती उभ्या उभ्याच रडायला लागली.

"काका, मी आणखी भोकं पाडली होती. आदल्या दिवशी. तुम्ही बाजारात गेला होता तेव्हा. सीटच्या दांड्याच्या वरच्या भागाला. काटा दहाच्या खाली यावा म्हणून. मला तुम्हाला सरप्राइज द्यायचं होतं."

वहिनींच्या हातातला घास तसाच राहिला.

"मले माहीत हाय," भोयर म्हणाले. "तुटका दांडा उचलला तेव्हाच कळलं. कड खरखरीत होती."

"मग तुम्ही बाबांना सांगितलं का नाही? ते तुम्हाला इतकं बोलले! मी आज सांगते त्यांना."

"बस इथं." त्यांचा आवाज मी इतका कडक कधी ऐकला नव्हता. "नीट ऐक. तू सांगितलं तर तुहा बाप म्हणन, पोट्टीले अक्कल नाही, सायकल बंद. मग ती जन्मभर बंद. माही चूक राह्यली, तर सायकलचा दोष नाही, अन् तुहाबी नाही. मग तो तुले चांगली कंपनीची सायकल घेऊन देईन. मानी माणूस हाय, घेऊनच देईन."

"पण मग मला इथं येऊ देणार नाहीत."

"नको येऊ."

"काका..."

"भोक तू पाडलं पोरी, पण नाद माहा होता. दर रविवारी काट्याले लटकवत होतो ना? मग चूक माहीच झाली. खोटं कुठं बोललो मी?"

ती किती वेळ रडली कोण जाणे. जाताना भोयरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग स्वयंपाकघरात येऊन आम्हा दोघींना म्हणाले, "तुम्हीबी काही ऐकलं नाही." वहिनी म्हणाल्या, "नाही ऐकलं." मीही तेच म्हणाले.

आणि झालंही अगदी तसंच. महिन्याभरात मुंबईहून खोक्यातून नवी कोरी सायकल आली. पेंडशांनी ती सगळ्या सोसायटीला दाखवली. "विकत घ्यायची तर वस्तू अशी घ्यावी, जुगाड नाही," असं पहिल्या मजल्यावर ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले. केतकीला शिकवायला माणूस ठेवला. भोयरांच्या घराकडे बघायचं नाही अशी तिला सक्त ताकीद होती. ती जिन्यावरून उतरताना त्यांच्या दारापाशी पावलं हळू करायची. दार बंद असायचं. ते मुद्दाम बंद ठेवत.

भोयर त्यानंतर कसली वस्तू उचलेनासे झाले. भाजीची पिशवी घेऊन मी जिन्यात मुद्दाम थांबायचे. ते बाजूला होऊन म्हणायचे, "या जी." बस. एकदा मी अगदी पिशवी पुढं केली आणि म्हटलं, "अहो भोयर, सांगा तरी किती असेल." ते ओशाळं हसले. "आता अंदाज येत नाही, मॅडम." मला रडू आलं. भर जिन्यात, भाजी हातात घेऊन, या वयात.

वर्षभरानं एका शनिवारी ते वर माझ्याकडे आले. आत येईनात. दारातच उभे राहून विचारलं, "मॅडम, तुमचे भाऊ लोणी काळभोरले राह्यतात ना? रोडवरच घर हाय म्हणे."

उद्या सोलापूर रस्त्यावर शर्यत आहे, हे मलाही ठाऊक होतं. आम्ही दोघं पहाटेच्या बसनं गेलो. माझ्या भावाच्या घरासमोर रसाचं गुऱ्हाळ आहे, त्याच्या आडोशाला भोयर उभे राहिले. गावातली पोरं जमली होती. एकानं विचारलं, "काका, तुमचं कोण हाय का शर्यतीत?" ते म्हणाले, "नाही रे बाप्पा."

मुलींचा घोळका आला आणि गेला. किती वेळ लागतो? केतकी दुसरी की तिसरी होती. मी हाक मारणार तेवढ्यात भोयरांनी मला हातानं थांबवलं. मागून पेंडशांची गाडी गेली. रस्ता रिकामा झाला तरी ते तिकडं बघत उभे होते.

"सीट खाली हाय तिची," ते म्हणाले. "उंच झाली पोरगी. गुडघा पुरा उलगडत नाही. कोणाच्या ध्यानात कसं नाही आलं?" मग माझ्याकडे वळून अगदी अजिजीनं म्हणाले, "तुम्ही सांगाल का? माहं नाव नका घेऊ."

इथून पुढचं सांगण्याआधी बाकीचं उरकून टाकते. केतकी पुढच्या चाचणीत निवडली गेली. जिल्हा, मग राज्य, दोन वर्षं खेळली. मग इंजिनिअरिंग, मग परदेश. सगळं रीतसर झालं. भोयर लोणीच्या त्या शर्यतीनंतरच्या पावसाळ्यातच घर विकून हिंगणघाटला भावाकडे गेले. फोनवर मी तिच्या निवडीचं सांगितलं तेव्हा म्हणाले, "होणारच होती जी," आणि फोन वहिनींच्या हातात दिला. गेल्या महिन्यात वहिनींचाच फोन आला. ते गेले. झोपेतच गेले. मी केतकीला कळवलं. तिनं त्याच दिवशी तिकडून बापाला फोन करून सगळं सांगितलं, भोकांसकट.

पेंडसे माझ्या दारात आले. आता निवृत्त झालेत, काठी घेतात. "लेलेबाई, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"त्यांनी सांगितलं होतं म्हणून."

ते खुर्चीत बसले. "मी त्यांना फार वाईट बोललो होतो," ते म्हणाले. "मुलांवरून." खोटा धीर द्यायचा मला कंटाळा आहे. त्यांनी वहिनींचा पत्ता मागितला, तो मी लिहून दिला. हिंगणघाटला जाणार आहेत म्हणे. जाऊ देत. वहिनी चहा करतील, गोड बोलतील. त्यांचा स्वभावच तसा आहे.

तर ते लोणीहून परत आल्यावरचं. सोमवारी संध्याकाळी केतकी मला जिन्यात भेटली. मी म्हटलं, "अगं, तुझी सीट जरा खाली आहे. गुडघा पुरा उलगडत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. "काकू, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मलाच वाटलं."

"तुम्हाला? काकू, तुम्ही सायकलला स्टँड कुठल्या बाजूला असतो ते तरी सांगू शकाल का?" आणि ती धावत खाली गेली.

मी गॅलरीत आले. खाली पार्किंगमध्ये तिनं सायकल भिंतीला टेकवली होती आणि पाना घेऊन सीटचा बोल्ट सैल करत होती. माझ्या खालच्या गॅलरीत भोयर वाळलेले कपडे काढत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, तिनं वर पाहिलं नाही. तिसऱ्या मजल्यावर पेंडशांच्या खिडकीत दिवा होता.

केतकीनं सीट वर ओढली आणि थांबली. पान्यावर हात ठेवून, खाली मान घालून नुसती थांबली.

भोयरांनी मान वर केली ती माझ्याकडे. आमच्यात म्हणतात ना, लेकी बोले सुने लागे, तसं. मोठ्यानं म्हणाले, "लेलेबाई, थोडी अजून वर पायजे."

खाली सीट थोडी वर गेली.

"अजून," ते मला म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते माझ्याकडेच बघत होते. "अजून जराशी, बाई. लय उंच झाली."

सीट आणखी वर गेली.

"बस," भोयर म्हणाले. "आता आवळा."

केतकीनं बोल्ट आवळला. बाहीनं तोंड पुसलं, सायकलवर बसली आणि फाटकातून बाहेर गेली. भोयर कपड्यांचा गठ्ठा छातीशी धरून फाटकाकडे बघत उभे राहिले. आतून वहिनींनी जेवायला हाक मारली, तेव्हा ते आत गेले.